डिकी, टप, स्टेपनी : जुन्या फोटोंमागचे शब्द

प्रश्न : घरातल्या एका फोटोच्या मागे शाईने लिहिलंय, "टपाची मोटार, अमळनेर. आबा डिकीत." फोटोत खरंच कोट-टोपीतला माणूस डिकीत ऐटीत बसलाय. सामानाच्या जागेत माणूस का बसवला असेल?

पाना_पक्कड : सामानाची जागा हा डिकीचा नंतरचा अर्थ. मूळची डिकी म्हणजे बसायचीच जागा. घोडागाडीतल्या गाडीवानाच्या किंवा नोकराच्या सीटला हे नाव होतं, तिथून ते मोटारीला लागलं. दोन सीटच्या मोटारीत मागे झाकण असायचं. ते उघडलं की त्याचीच पाठ व्हायची, आत एक-दोन माणसांची गादी. वर छप्पर नाही. धूळ-पाऊस थेट अंगावर. अमेरिकी गाड्यांतून ही सीट १९३९च्या सुमारास गेली. शब्द मात्र आपल्याकडे राहिला आणि सामानाला चिकटला.

झाकण बंद असलेल्या फोटोतही ती ओळखता येते. मूठ वर, सीटच्या बाजूला असेल तर बिजागरी खाली आहे, म्हणजे बसायची डिकी. मूठ खाली, बंपरकडे असेल तर सामानाची. शिवाय चढण्यासाठी मागच्या एका मडगार्डवर तळहाताएवढी रबरी पायरी असते. स्कॅन मोठा करून आधी ती शोधा.

तापीकाठ : "टपाची" या शब्दावर मात्र घाई नको. आज एसटीच्या टपावर म्हटलं की पत्रा डोळ्यासमोर येतो. टांग्याचा टप कापडाचा, कमानींवर ताणलेला, तसाच जुन्या मोटारीचाही घडी होणारा. म्हणून "टपाची मोटार" बहुधा उघडी गाडी, बंद नव्हे.

कळणाभाकर : तरी छपराकडे बघून उघडी की बंद ठरवू नका. बंद गाड्यांच्या छपराच्या मधल्या भागातही कापडच असायचं. सबंध पत्र्याचं छप्पर जनरल मोटर्सने १९३५च्या मॉडेलांत आणलं. निर्णय दाराच्या काचेवर करा. उघड्या गाडीच्या दारात सहसा वरखाली होणारी काच नसते. पावसात बाजूला पडदे लावायचे, त्यांना सेल्युलॉइडच्या, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडक्या.

प्रश्नकर्ता : दारात काच नाही, मूठ वर आहे. चाकं तारांची, रेडिएटरवर अंडाकृती बिल्ला. बाजूला एक जादा चाक, त्याला घरात सगळे स्टेपनी म्हणतात.

पाना_पक्कड : स्टेपनी म्हणजे आधी फक्त टायरवाली रिम, आरे नसलेली. गाडीचं चाक पटकन निघत नसे, म्हणून पंक्चर झालेल्या चाकालाच ती बाहेरून पकडींनी आवळायची. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावात निघाली; तिथल्या स्टेपनी रस्त्याचं हे नाव. पुढे पूर्ण सुटं चाक आलं तरी शब्द तोच. फोटोत नुसती रिम दिसली तरी लगेच १९०४ गाठू नका, लाकडी आऱ्यांच्या चाकांना सुट्या रिमाही असत.

अंडाकृती बिल्ला आणि तारांची चाकं म्हणजे पहिला संशय फोर्ड मॉडेल ए. १९२८-२९ला रिम २१ इंची, १९३०-३१ला १९ इंची. फोटोत मोजायचं ते असं: ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन करा, फोटो काडेपेटीएवढा असेल तर १२००. मग रिमचा आणि टायरचा उभा व्यास पट्टीने मोजा. आडवा नको, गाडी तिरकी असली की तो आक्रसतो. २१ इंची रिमचा टायर बाहेरून साधारण ३० इंच, म्हणजे रिम टायरच्या ७० टक्के. १९ इंचीचा साडेअठ्ठावीस, म्हणजे ६७. रिमची कड धरली की दोन्ही आकडे थोडे वर जातात. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा, म्हणून एकट्या चाकावर विसंबू नका. रेडिएटरची चौकटही बघा. १९३०पासून ती उंच झाली.

तापीकाठ : त्याआधी फोटो आरशासारखा उलटा छापलेला नाही ना, ते बघा. स्टिअरिंग डावीकडे असेल तर पुरुषांच्या कोटाची बटणपट्टी तपासा. घालणाऱ्याची डावी बाजू वर असेल तर फोटो सरळ आहे, गाडीच डाव्या स्टिअरिंगची. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपा तशाच होत्या. यात्रेतल्या फोटोवाल्याची पुठ्ठ्याची मोटारही असते: चाकांखाली सावली नसते आणि सगळ्यांचे पाय दाराआड.

नंबर दिसत असेल तर बरं. तीन अक्षरं असतील तर १९८९च्या आधीची नोंदणी; एमएच १८ धुळे, १९ जळगाव हे नंतरचं. पण नंबर नोंदणीचं साल सांगतो, गाडी बनल्याचं नाही.

कळणाभाकर : मागे "डुक्कर" लिहिलेलं सापडलं तर ती शिवी समजू नये. ती १९५०च्या दशकातली गोल पाठीची फियाट ११००. तिचं पुढचं दार मागच्या बाजूला बिजागरीवर असतं. दार उघडं असलेला फोटो असेल तर लगेच कळतं.

प्रश्नकर्ता : मोजलं. रिम ७१ टक्के, चौकट बुटकी. पायरी डाव्या मडगार्डवर दिसते.

पाना_पक्कड : म्हणजे १९२८-२९ची. डाव्या पायरीचंही जुळतं. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत चढायची बाजू तीच. मागच्या मजकुराखाली पेन्सिलने "टप = घडीचा, डिकी = सीट" लिहून ठेवा. फोटोच्या कागदावर बॉलपेन नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो.