ग्लोव्ज घातले तरी हात धुवायचेच
दवाखान्यात ड्युटीला ग्लोव्ज असल्यावर परत हात कशाला धुवायचे असं एका ताईंनी विचारलंय, तर धुवायचेच ओ, ग्लोव्जला बारीक भोकं असू शकतात आणि काढतानाच घाण मनगटाला लागते. आमच्या सांगलीकडं दवाखान्याच्या वॉर्डात काम करणाऱ्या मावश्या फेस भरपूर काढतात पण अंगठा आणि नखांची टोकं कोरडीच, अंगठा दुसऱ्या मुठीत धरून गोल फिरवायचा, नखं तळव्यावर घासायची. साबणानं सगळं मिळून ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरनं २० ते ३०, पण रक्त नायतर शी लागली असेल तर साबण-पाणीच. अंगठी, घड्याळ, बांगड्या ड्युटीला नकोतच (सासूबाईंना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा). नळ कोपरानं नायतर कागदानं बंद करा. आणि पदराला हात पुसू नका!