मदत हवी आहे: कूलरच्या घरघरीत विलंबित ख्याल ऐकायचाय, नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पारखायचा कसा?

नमस्कार मंडळी,

पूर्ण कान झाकणारा, बिनतारी, नॉइज कॅन्सलिंगवाला हेडफोन घ्यायचा आहे. बजेट २० ते २५ हजार. कोणता घेऊ हे विचारत नाहीये, त्यावर वाचून झालंय. दुकानात हातात आल्यावर तो पारखायचा कसा, हे जाणकारांकडून हवंय.

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, रुळांपासून फार लांब नाही. दिवसा माझं घरूनच काम, लॅपटॉपवर मीटिंगा. रात्री बाबा त्याच खोलीत लवकर झोपतात आणि उन्हाळा लागल्यापासून पाऊस येईपर्यंत कूलर रात्रभर चालू. माझी ऐकण्याची वेळ नेमकी तीच, आणि ऐकते ते बहुतेक गायक उस्ताद अमीर खाँसाहेब. इंदूरच्या माणसाला त्यांच्याबद्दल वेगळं काय सांगायचं! झूमरा तालातला अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला ख्याल, मंद्रात, खालच्या सप्तकात, सावकाश उलगडत जाणारी रागाची बढत. पण कूलरची घरघर नेमकी खालच्या पट्टीतली, तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, तिच्यात बुडून जातो. साध्या इअरफोनवर मग आवाज वाढवत नेते आणि तान वर गेली की कान दुखतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते. मला त्याच्या बरंच खाली राहायचंय. कान एकदा गेले की परत येत नाहीत, आणि मला म्हातारपणीही गाणं ऐकायचंय.

यादीत तीन उरलेत. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ २०२० चा आहे, पण त्याची घडी होते. एक्सएम५ २०२२ चा, साधारण २५० ग्रॅम, त्याची तशी घडी होत नाही. तिसरा सेनहायझर मोमेंटम ४. कंपनी त्याची बॅटरी ६० तास सांगते, सोनीच्या दोन्हींची ३०. मला बॅटरीने विशेष फरक पडत नाही, रात्री चार्जर हाताशीच असतो.

माझ्या शंका अशा. बाहेरची घरघर कापताना हे यंत्र तानपुऱ्याचा खर्जही कापेल का? दोन्ही आवाज खालचेच की. मला चष्मा आहे, त्याच्या काड्यांमुळे हेडफोनची कानावरची गादी नीट बसली नाही तर कितपत बिघडतं? आणि जेल रोडच्या गजबजाटात किंवा मॉलमधल्या शोरूममध्ये पाच मिनिटं कानाला लावून घरच्या कूलरचा अंदाज कसा घ्यायचा? कूलरचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून न्यावा असं मनात आलंय. चालेल का?

प्रतिसाद १ (बडोदा)

ताई, खर्जाची काळजी सोडा. हेडफोनचे माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या बरोबर उलट लहर आत सोडली जाते. आतल्या बाजूलाही एक माइक असतो, पण आपण काय वाजवतोय हे यंत्राला माहीत असतं, तेवढं ते हिशोबातून वगळतं. काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण ७० हर्ट्झवर येतो. ही सगळी करामत चालते ती मुख्यतः १००० हर्ट्झच्या खाली, म्हणजे घरघर कापण्यासाठी ती उत्तमच. कुकरची शिट्टी, रेल्वेचा भोंगा, शेजारचं बोलणं यांना अडवायचं काम बरंचसं गादीवर पडतं. ते कमी होईल, नाहीसं होणार नाही.

मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगचा उपयोग नाही. त्याच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचा आवाज निघतच नाही, त्यामुळे परीक्षा खोटी होईल. त्यापेक्षा शोरूमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ किंवा चालू जनरेटरजवळ उभ्या राहा आणि कॅन्सलिंग चालू-बंद करून बघा. दुकानदार हो म्हणतात, सांगून बघा.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. कूलरचा आवाज वेगळा आणि कूलरचा वारा वेगळा. वाऱ्याचा झोत थेट बाहेरच्या माइकवर आला की आत फडफड, गडगड ऐकू येते, ती मूळ घरघरीपेक्षा वाईट. काही मॉडेलांत वाऱ्यासाठी वेगळी सोय असते, पण झोताच्या बाजूला बसणं हाच खरा उपाय.

प्रतिसाद २

मीही चष्मेवालाच. काडीजवळ बारीक फट राहते आणि तिथून नेमका खालचाच आवाज आत येतो. दुकानात चष्मा काढून ठेवू नका. जाड काडीचा चष्मा असेल तर तोच घालून जा. हेडफोन लावल्यावर जबडा हलवून बघा, मान वळवून बघा. घरघर कमीजास्त होत असेल तर ती गादी तुमच्या डोक्याची नाही.

मग गाणं थांबवा आणि कॅन्सलिंग चालूच ठेवा. बारीक 'हिस्स' येते का ऐका. सिनेसंगीत ऐकणाऱ्याला ती जाणवायची नाही, पण तुमच्या झूमऱ्यात दोन बोलांच्या मधल्या जागेत ती नक्की टोचेल. माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची परीक्षा हीच. काहींना कॅन्सलिंग चालू केल्यावर कानात दडा बसल्यासारखं वाटतं. ते दोन मिनिटांत कळत नाही, निदान पंधरा मिनिटं लावून बसा.

एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यांसह आवाज पाठवायची सोनीची पद्धत) वगैरेच्या भानगडीत पडू नका. जुन्या मैफिलींच्या ध्वनिमुद्रणात मुळात जेवढं आहे तेवढंच ऐकू येणार. तरी एक सांगतो, एक्सएम४ एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप दोन्हींना जोडला की एलडॅक चालत नाही.

मीटिंगांसाठी युक्ती अशी: लॅपटॉपने हेडफोनचा माइक घेतला की ब्लूटूथवरचा आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचाच ठेवा आणि ऐकायला फक्त हेडफोन.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वाऱ्याचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आमचा कूलर खिडकीत आहे आणि माझी खुर्ची बरोबर समोर, ती आधी हलवते. बघायला शनिवारी सकाळी, दुकानं उघडता उघडता जाईन, म्हणजे गर्दीही नसेल आणि पंधरा मिनिटं बसूही देतील. ओळखीची एकच बंदिश घेऊन जाते आणि तिन्हींवर, घरी ऐकते तेवढ्याच कमी आवाजात लावून बघते. खर्ज सुटा ऐकू आला आणि मधल्या जागा स्वच्छ राहिल्या, तर तो माझा.

अजून एक विचारायचं राहिलं. इथल्या मे महिन्यात कृत्रिम चामड्याच्या गाद्या घामाने किती टिकतात? इंदुरात कुणी या तिन्हींपैकी एखाद्याच्या इअरपॅड बदलून घेतल्या असतील, तर कंपनीच्या मिळाल्या की बाहेरच्या, आणि बाहेरच्या लावल्यावर कॅन्सलिंगमध्ये फरक पडला का, एवढं कृपया सांगा.