एकटे राहणारे आई-बाबा आणि घरातली नवी यंत्रं : तुमचे अनुभव सांगा

काल शेजारच्या काकूंच्या गळ्यात लेकाने पाठवलेलं एसओएस बटण (अडचणीत दाबून मदत बोलवायचं) दिसलं आणि आजी आठवली. सांगलीला एकटी राहायची. न्हाणीघरात घंटीची दोरी लावून दिली, तर तिने ती वर गुंडाळून ठेवली. "पाहुणे काय म्हणतील?" मिक्सर, कुकर आवडीने वापरायची हो. आपल्याला आजारी ठरवणारी वस्तू तेवढी नको होती. तुमच्याकडचे ज्येष्ठ काय वापरतात, काय नाकारतात?

ठाणेकर: बाबांनी हॉलमधल्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. काढूनच टाकला शेवटी, घर त्यांचं आहे. आता चहा झाला की ते ग्रुपवर सुप्रभात टाकतात. नऊपर्यंत नाही आलं तर मी फोन करते.

नाशिकची सून: पलंगाखाली सेन्सरचा दिवा! पाय खाली टेकला की लागतो. सासूबाईंनी स्वतःहून बाथरूमच्या वाटेवर दुसरा लावून घेतला.

लीड्सवासी: इकडे गळ्यातलं बटण दाबलं की चोवीस तास माणूस बोलायला असतं. पण शेजारच्या आजी नेमक्या अंघोळीला जाताना काढून ठेवतात, वॉटरप्रूफ असूनही. त्यात अशी बरीच बटणं ज्यांवर चालतात त्या जुन्या फोन लाइनी जानेवारी 2027 पर्यंत बंद होणार. यूकेत कोणाचे आई-बाबा असतील तर बटण नव्या लाइनवर चालतं का ते आत्ताच विचारून घ्या.

पुणे३०: सासरे घड्याळ घालतात ते पावलं मोजायला, बागेतल्या मित्रांशी चुरस असते. पडल्यावर मिनिटभर हालचाल नसेल तर ॲपलचं घड्याळ आपणहून फोन लावतं, हे त्यांच्या लेखी दुय्यम. फक्त रात्री चार्जिंगला लावू देऊ नका, रात्रीच तर उठतात! जेवताना लावा.

कोकणकन्या: आमच्याकडे लाइट गेली की वायफाय गेलं, मग कसले सेन्सर. आधी राऊटरला छोटा यूपीएस घ्या.

अकोलेकर: आईच्या बोटांचे ठसे उमटेनात, दर नोव्हेंबरात बँकेत हाल. आता जीवन प्रमाण, म्हणजे पेन्शनसाठीचा डिजिटल हयातीचा दाखला, घरीच फोनला चेहरा दाखवून. शेजारणींचंही करून देते!

ठाणेकर: @अकोलेकर त्याला वेगळं ॲप लागतं का?

अकोलेकर: हो, आधार फेस आरडी, आधारचं चेहरा ओळखणारं ॲप. ते आधी टाका. खिडकीसमोर बसवा, उजेड चेहऱ्यावर हवा. केंद्राची पेन्शन असेल आणि 80 पूर्ण असतील तर ऑक्टोबरपासूनच देता येतं.

लीड्सवासी: मुलं लांब असतील तर 14567 पण सेव्ह करून द्या, ज्येष्ठांची हेल्पलाइन, सकाळी 8 ते रात्री 8.

कोकणकन्या: @नाशिकची सून दिवा सेलवरचा की चार्जिंगचा?

नाशिकची सून: चार्जिंगचा. फोटो टाकते, पोळ्या होऊ देत.