मदत हवी आहे: मोहने धरण फोटोच्या चौकटीत येतच नाही

१७ मे १९४३ची बेन्सन (इंग्लंडमधला हवाई तळ) ते मोहने धरण (जर्मनी) ही फोटो-टेहळणी मी विमानाच्या सिम्युलेटरमध्ये स्वतः रचली आहे. विमान स्पिटफायर, बिनबंदुकीचं, उंची ३०,००० फूट. तिथवर नीट पोचतो, पण धरण नाकाखाली आणि पंखाआड दडतं. ते बघायला विमान जरा कलवलं की कॅमेराही कलतो. ५ अंशांचा कल म्हणजे जमिनीवर जवळजवळ ८०० मीटरची चूक! काल सगळ्या फोटोंत नुसतं जंगल. खऱ्या वैमानिकांना कॉकपिटच्या काचेच्या बाजूच्या फुगवट्यातून खाली डोकावता यायचं. तुम्ही कॅमेरा कधी सुरू करता? घड्याळावर, की आधीची एखादी खूण धरून? आडवा वारा असताना उड्डाणाची रेघ सरळ कशी राखता? कृपया सविस्तर सांगा.