शब्दचर्चा : ‘इम्पीडन्स’ला संरोध म्हणावं की पायबंद?

प्रश्न

कोथरूडच्या आमच्या सरावाच्या खोलीत भिंतीवर लावायला मराठीत एक टिपण लिहितो आहे. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) गिटार अॅम्प एक, कॅबिनेटं म्हणजे स्पीकरच्या पेट्या तीन, आणि शेजारच्या बिल्डिंगमधून तक्रार आल्यापासून मध्ये एक अॅटेन्युएटर, म्हणजे आवाज कमी करणारा डबा. नवीन मुलं कुठली वायर कुठेही खुपसतात. तीन शब्दांपाशी अडलोय. इम्पीडन्सला ‘रोध’ चालेल का? ‘नॉमिनल ८ ओहम’चं मी ‘नाममात्र ८ ओहम’ केलं, तर एकाने विचारलं, ‘म्हणजे खरे दोन-तीनच का?’ आणि अॅटेन्युएटरला काय म्हणू?

उत्तर

‘रोध’ लिहू नकोस. शाळेच्या पुस्तकात रोध म्हणजे रेझिस्टन्स. इम्पीडन्सला परिभाषेत ‘संरोध’ आहे, आणि हा ‘सं’ फार कामाचा आहे.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा चांगला बारा इंची स्पीकर घेऊन आला. ‘काका, ८ लिहिलंय आणि मीटर साडेसहा दाखवतोय.’ पठ्ठ्याने तपकीर गल्लीतून दीड ओहमचा रेझिस्टर आणून टर्मिनलला डाग दिला होता, आठ पुरे व्हावेत म्हणून. स्पीकरमध्ये काहीच बिघाड नव्हता. मल्टिमीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतो. वाजताना त्यात कॉइलचं इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा तिचा अडथळा) येतं, स्पीकरचा कागदी कोन हलतो त्याचा परिणाम येतो. ते सगळं मिळून संरोध, आणि तो स्वरागणिक बदलतो. असा स्पीकर साधारण ७५ ते १०० हर्ट्झच्या टापूत कुठेतरी छापलेल्या आकड्याच्या कित्येक पट वर जातो, मग खाली येतो, वरच्या पट्टीत पुन्हा चढतो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, म्हणजे बरोबर त्याच टापूत!

आणि ‘नाममात्र’ तर काढूनच टाक. मराठीत नाममात्र शुल्क म्हणजे नगण्य शुल्क. तुझ्या मित्राने वाचलं ते मराठीप्रमाणे बरोबरच वाचलं. ‘छापील ८ ओहम’ लिही. छापील किंमत सगळ्यांना कळते.

उत्तर

मी भाषेच्या बाजूने लिहिते. इम्पीडन्स हा शब्द ऑलिव्हर हेविसाइडने १८८६ साली घडवला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं पाऊल आहे. इम्पीड म्हणजे पाय अडकवणं. आपल्याकडे हुबेहूब तसाच शब्द आहे, पायबंद. फारसीतून आला, जनावराच्या पायाला बांधायची दोरी. ‘संरोध’ कोशाबाहेर कुणी बोलत नाही. पायबंद आजही रोज वर्तमानपत्रात असतो. तोच का घेऊ नये?

उत्तर

ताई, व्युत्पत्ती वाचून मनापासून आनंद झाला. पण भिंतीवर तो शब्द नको. पायबंद घालतात तो नको असलेल्या गोष्टीला, आणि व्हॉल्व्ह अॅम्पला भार, म्हणजे जोडलेला स्पीकर, हवाच असतो. ट्रान्झिस्टर अॅम्पवर स्पीकर नसला तरी सहसा काही होत नाही, त्याला कमी ओहमची भीती. व्हॉल्व्हचं उलटं. भाराविना जोरात वाजवलात तर व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळी घेतं. मी सॉकेटच्या दोन पिनांमध्ये निळी ठिणगी ओढली जाताना पाहिली आहे, आणि मागोमाग जळक्या वॉर्निशचा वास. वायंडिंग गेलं.

जुळवायचं काय, तेही या ट्रान्सफॉर्मरमुळेच. समजा वेढ्यांचं प्रमाण २० ला १ आहे. संरोध त्याच्या वर्गाने, ४०० पटीने, वाढून दिसतो. स्पीकर ८ चा, तर व्हॉल्व्हला ३२०० ओहम दिसतात. त्याच जागी १६ चं कॅबिनेट लावलं की ६४००. व्हॉल्व्ह काही विशिष्ट आकड्यासाठी बसवलेले असतात, म्हणून मागे ४, ८, १६ असे खटके. दुकानात कुणी ‘संरोध’ म्हणत नाही हे खरं. आम्ही ‘ओहम जुळवले का?’ एवढंच विचारतो. तेही चांगलं मराठी आहे.

अॅटेन्युएटरला कोशात ‘क्षीणक’ मिळेल. मला ‘जिरवणे’ हे क्रियापद जास्त खरं वाटतं. पाणी अडवा, पाणी जिरवा हे गावोगावी भिंतींवर लिहिलेलं वाचत आपण मोठे झालो. अॅटेन्युएटर तेच करतो, ५० वॉटमधले ४५ उष्णतेत जिरवतो आणि ५ स्पीकरला देतो. म्हणून तो तापतो, म्हणून त्याच्यावर कापड टाकायचं नाही. एवढं जिरवूनही कानाला आवाज जेमतेम निम्मा होतो, मुलांना हे आधीच सांग, नाहीतर डबा बिघडला म्हणतील. अॅम्पला आता दिसतो तो डब्याचा आकडा, तेव्हा खटका डब्याशी जुळवायचा. डबा अॅम्पच्या वॉटपेक्षा मोठा हवा. पूर्ण उघडलेला अॅम्प छापील वॉटच्या वर जातो.

विचारणारा

काका, ताई, आभार. आज संध्याकाळी हे लावतोय :

‘स्पीकर, थेट किंवा जिरवणीच्या डब्यातून, जोडल्याशिवाय अॅम्प चालू करू नये. खटका डब्यावरच्या छापील ओहमवर ठेवावा. डबा काढला तर कॅबिनेटच्या छापील ओहमवर. ८ ची दोन कॅबिनेटं समांतर जोडली तर ४ वर. मीटरने मोजलेला आकडा धरू नये. अॅम्प, डबा आणि कॅबिनेट जोडायला गिटारची वायर वापरू नये, स्पीकरची जाड वायर खालच्या खणात आहे.’