अक्षरओळख आणि लेखनासाठी शिशुवर्गाला टॅबलेट द्यावा का?

बालवाडी शिक्षिका, नौपाडा (ठाणे):
आमच्या भागातील एका शाळेने यंदा मोठ्या शिशुवर्गाच्या पालकांना अक्षरओळखीसाठी टॅबलेट घ्यायला सांगितले आहे. पाटी आणि वही पुढच्या वर्षी येतील, असे पालकसभेत स्पष्ट करण्यात आले. माझा याला ठाम विरोध आहे. ॲपवर ‘क’ गिरवणारे मूल बाणामागून बोट फिरवते, रेघ बाहेर गेली तरी ॲप ती सावरून घेते, टाळ्या वाजतात आणि चांदणी मिळते. त्याच मुलाला कोरा कागद दिला की ते उभी रेघ आधी काढायची की गोल, इथेच अडते आणि पेन्सिल मुठीत धरून इतकी दाबते की टोक मोडते. काचेवर एकटी तर्जनी काम करते. अंगठा आणि मधले बोट यांची जी पकड तयार व्हायला हवी, तिला तिथे कामच उरत नाही.

इंडियाना विद्यापीठाच्या कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ मध्ये, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांनी काही अक्षरे हाताने काढली, काही गिरवली, काही कळफलकावर दाबली. नंतर ती अक्षरे दाखवताना मेंदूचे चित्रण केले, तेव्हा वाचनाशी निगडित भाग सक्रिय झाले ते फक्त हाताने काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत.

पालक, ऐरोली:
ताई, आपल्या अनुभवाचा आदर ठेवून विरोधी बाजू मांडतो. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि घरी पोहोचायला आठ वाजतात. आजी-आजोबा गावी असतात, मुलगी इंग्रजी माध्यमात आहे आणि पत्नीचे शिक्षण कन्नडमध्ये झाले आहे. अशा घरात ‘ध’ आणि ‘घ’ यांतला फरक मुलीला रोज कोण ऐकवणार? ‘रीड अलाँग’ हे गूगलचे ॲप मुलाचे मराठी वाचन ऐकते आणि अडलेला शब्द उच्चारून दाखवते. आज आमची मुलगी स्थानकाच्या फलकावरचा ‘ऐ’ पाहते आणि त्यावर दोन मात्रा नसून एकच का, असे विचारते. हा प्रश्न तिला पडला, याचे श्रेय मी त्या ॲपलाच देतो.

आपण दिलेल्या अभ्यासाबद्दलही एक सांगायचे आहे. त्यात टॅबलेट नव्हताच, आणि गिरवलेली अक्षरेही तिथे कमीच पडली. मग दोष काचेचा की गिरवण्याचा? ठिपक्यांच्या वह्या तर ठाण्यातल्या कितीतरी बालवाड्यांत आजही भरून घेतल्या जातात.

सुलेखन शिक्षक, नेरुळ:
दोघांच्याही नजरेतून सुटलेली एक गोष्ट आहे. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली आणि त्यात मराठी वळणाचे, म्हणजे पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ स्वीकारले. मी पाहिलेल्या बहुतेक ॲपमध्ये मात्र हिंदीच्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत, ‘५’ आणि ‘८’ यांची वळणेही तिकडचीच आहेत आणि काहींत ‘ळ’ नाहीच. पुढे पहिलीत हेच मूल शाळेच्या पुस्तकात वेगळे अक्षर पाहते आणि गोंधळते. पहिल्यांदा बसलेले वळण मोडून नवे बसवायला किती कष्ट पडतात, हे मला मोठ्या विद्यार्थ्यांना शिकवताना सतत जाणवते. शाळेने ॲप निवडताना हे तपासले आहे का, हा प्रश्न पालकांनी विचारायलाच हवा.

बालवाडी शिक्षिका, नौपाडा:
ऐरोलीच्या दादांचा गिरवण्यावरचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि माझ्या वर्गात ठिपक्यांची वही नाही. मी पाटीवर अक्षर काढते, ते पुसते आणि मग मूल ते आठवून परातीतल्या रव्यात काढते. पहिल्या खेपेला वाकडे येते, दुसऱ्यांदा गाठ सुटते, पण प्रत्येक रेघ त्याची स्वतःची असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या कोसबाडला पाने, बिया, खडे अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. परात आणि रवा तर आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे.

आपल्या घरी ॲप उच्चार ऐकवते, याला माझी हरकत नाही. घरात ती भाषा बोलणारे कोणी नसेल, तर तो मोठाच आधार आहे. माझा वाद शाळेशी आहे. शिक्षक समोर असताना शाळा लिहिण्याचे काम काचेवर सोपवते आणि त्याचा खर्चही पालकांवर टाकते, हे मला मान्य नाही.

पालक, ऐरोली:
शाळेने सक्ती करू नये, इथे आपण एकत्र आहोत. तरीही ॲपमध्ये बाण आणि ठिपके बंद करून कोऱ्या पडद्यावर लेखणीने अक्षर काढता येत असेल, तर तो सराव निरुपयोगी आहे, हे मला पटलेले नाही.

बालवाडी शिक्षिका, नौपाडा:
तसा सराव ठिपक्यांपेक्षा निश्चितच बरा. पण त्या शाळेच्या ॲपमध्ये कोरा पडदा नाही. मी पालकसभेनंतर मुद्दाम उघडून पाहिले.