अनुभव धागा : गडकरी तुमच्यापर्यंत पोचलेच नाहीत, असं झालंय का?

सांगलीत राहून हा प्रश्न विचारणं म्हणजे पंढरपुरात उभं राहून विठोबाशी आपलं जमत नाही म्हणण्यासारखं आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं ते इथं. नाटककार देवल शेजारच्या हरिपूरचे, खाडिलकर तर गावातलेच. आमच्या घरात मात्र देव्हारा राम गणेश गडकऱ्यांचा. आजोबा श्रीखंडाचा चक्का पुरणयंत्रातून काढता काढता 'एकच प्याला'तल्या दारुड्या सुधाकराची वाक्यं म्हणायचे, तेही सगळे विराम सांभाळून. चौदाव्या वर्षी त्यांनी मला भावे नाट्यमंदिरात 'एकच प्याला'ला नेलं. आजूबाजूला रुमाल निघाले आणि मी छताचे पंखे मोजत होतो. पुढे तिशीत परत पाहिलं. २०१९ मध्ये नाटकाला शंभर वर्षं झाली म्हणून नेटानं वाचूनही काढलं. तरी काही हललं नाही.

तुमचं सांगा. गडकरी किंवा दुसरा कुणी मोठा नाटककार. फक्त 'मलाच कळत नसेल' एवढं लिहून सुटू नका.

तासगाव
आमच्या हौशी मंडळात मी प्रॉम्प्टिंगला असायचो. विंगेत बसून नाटक ऐकलं की त्याची हाडं दिसतात. देवलांचं वाक्य सुटलं तर नट पदरचं घालून वेळ मारून नेतो, कारण ती माणसं घरातल्यासारखीच बोलतात. गडकऱ्यांचं अर्धं वाक्य सुटलं की संपलं! एका शब्दात दुसरा अडकवलेला असतो, पदरचा शब्द लगेच ठिगळासारखा दिसतो. आमचा सुधाकर अशा वेळी माझ्याकडे असा बघायचा की वाटावं, दारूपेक्षा माझ्यामुळेच त्याचं वाटोळं झालंय.
आणि एक. दारूविरुद्धचं नाटक म्हणतात, पण सगळ्यात जोरदार हशा सुधाकराच्या पिणाऱ्या दोस्ताला, तळीरामाला, आणि त्याच्या आर्यमदिरामंडळाला, म्हणजे पिणाऱ्यांच्या मंडळाला. तालीम संपली की सुधाकर, तळीराम आणि आमचा पेटीवाला कुठे जायचे ते इथं लिहीत नाही.

विश्रामबाग, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी
वीस पानांत सोडलं. सगळी पात्रं एकाच माणसानं बोलल्यासारखी वाटतात. आळेकरांचं 'महानिर्वाण' मात्र एका रात्रीत वाचलं. शिव्या घाला.

मिरज, निवृत्त शिक्षिका
शिव्या नाही, पण मोठ्यानं वाचून बघ रे बाळा. ती भाषा डोळ्यांसाठी नाहीच. मी वर्गात वाचायचे तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा शब्दांच्या कोलांट्यांना हसायची.
अडचण मला वेगळीच आली, सुधाकराच्या बायकोची, सिंधूची. एकदा नववीतल्या एका मुलीनं विचारलं, 'बाई, भाऊ न्यायला आलाय, पैसेवाला आहे, मग सिंधू जात का नाही?' मी पातिव्रत्य, तो काळ वगैरे सगळं सांगितलं. तिनं मान डोलावली. पटलं नव्हतं तिला, आणि खरं सांगायचं तर सांगता सांगता मलाही पटेनासं झालं.

हरिपूर रोड
माझं उलटं झालं. नाटक रुचलं नाही, पण पदांवर जीव. 'कशि या त्यजू पदाला' लागलं की हातातलं काम राहतं. वाटायचं, चला, निदान एवढ्यापुरते तरी गडकरी आपले. मग कळलं की 'एकच प्याला'ची पदं वि. सी. गुर्जरांची! म्हणजे मला जे आवडत होतं नेमकं तेवढंच गडकऱ्यांचं नव्हतं. हे घरी सांगितलं तर वडील दोन दिवस धड बोलले नाहीत.

कुपवाड
लिहू की नको करत होते.
माझे वडील प्यायचे. आई ब्लाउज शिवायची, एका नगाला पंचवीस रुपये. एकदा तिच्या भुवईवर चार टाके पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाली, जिन्यावरून पडले. आमचं घर पत्र्याचं, एका खोलीचं. जिना नव्हताच.
लग्नानंतर सासरच्यांनी कौतुकानं 'एकच प्याला'ला नेलं. शेवटी सिंधू मरता मरता फौजदाराला खोटं सांगते, नवऱ्यावर काही येऊ नये म्हणून. सगळं थिएटर हुंदके देत होतं. शेजारी सासूबाई डोळे पुसत होत्या. मला रडूच येईना. राग आला, आणि तो सुधाकरावर नव्हता, टाळ्यांवर होता. घरी येताना रिक्षात सगळे विचारत होते, आवडलं ना? मी म्हटलं, हो, छान होतं.
लोक म्हणतात गडकऱ्यांनी अतिशयोक्ती केली. मला तसं वाटत नाही. उलट त्यांनी अगदी बरोबर लिहिलंय. मला फक्त ते इतक्या सुंदर भाषेत ऐकायचं नव्हतं.

तासगाव
ताई, यापुढं आमच्या पेटीवाल्याचा किस्सा सांगायला मला लाज वाटेल.

कुपवाड
नका हो असं. तळीरामाला मीही हसले होते.

मिरज, निवृत्त शिक्षिका
आईंना दाखवलंत का कधी नाटक?

कुपवाड
विचारलं होतं. नको म्हणाली, रात्री जागवत नाही. पण सांगली आकाशवाणीवर ते पद लागलं की मशीन थांबवते. संपलं की सुईत दोरा ओवून परत सुरू.